दुखलं की सांगा

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने जमिनीवर बसावं, तर आधी उठायचं कसं याचा विचार करून बसावं. हे शहाणपण काकांना सुचलं, ते आठ महिने जिउ-जित्सूच्या गादीवर लोळून झाल्यावर.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रे काढणारा हा माणूस. क्लासातली बाकी सगळी मंडळी त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून तिथे ते सगळ्यांचे काका. बुटाची नाडी बांधताना त्यांना धाप लागली, ते बघून मुलगी खो खो हसली, आणि त्या तिरमिरीत त्यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूला नाव घातलं. ह्या खेळात गुद्दे नाहीत, लाथा नाहीत. एकमेकांना गादीवर लोळवायचं, सांध्याला नाहीतर गळ्याला पेच घालायचा, आणि समोरच्याने हार मानली की सोडायचं. हार मानायला हाताने दोनदा थोपटलं की झालं. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की त्या क्षणी सोडायचं, हे कोच पहिल्या दिवशी सांगतो आणि पुढे रोज सांगतो. नाहीतर कोण कशाला आपलं मनगट दुसऱ्याच्या हातात देईल?

आठ महिन्यांत काकांनी इतक्या वेळा टॅप केला की त्यांच्या तळहाताला घट्टे पडायचेच बाकी होते. कॉलेजातल्या पोरांनी त्यांना लोळवलं, बँकेतल्या कारकुनाने लोळवलं, परवा आलेल्या एका चष्मेवाल्याने चष्मा काढून ठेवून लोळवलं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. ही गाय वासरांतही शहाणी ठरेना. घरी बायको रोज विचारायची, "आज कोणी सापडलं का हरवायला?" काका हसायचे. पण ते हसणं हळूहळू ओठांपुरतंच उरलं होतं.

आणि मग त्या शनिवारी सकाळी समोर आली कात्री. सलूनमध्ये केस कापायची, म्हणून हे नाव. अंगाने एवढीशी, काकांच्या खांद्याला लागेल न लागेल, पण दोन वर्षं शिकत असलेली. त्या दिवशी ती काकांना शिकवायच्या मूडमध्ये होती. मुद्दाम हात मोकळा सोडत होती आणि "घ्या ना काका, घ्या" म्हणत होती. काकांनी हात घेतला. मागे पडले, तिचं मनगट छातीशी धरलं, एक पाय तिच्या छातीवरून आणि एक मानेवरून टाकला आणि कंबर उचलली. आर्मबार! कोपर उलटं ताणणारा तो पेच, जो आठ महिन्यांत त्यांना एकदाही जमला नव्हता, तो जमला.

मांडीवर टॅप झाला. काकांना कळला, दारावरची थाप कळावी इतका स्वच्छ कळला. आणि काकांनी सोडलं नाही.

का सोडलं नाही, ते त्यांनी स्वतःला नंतर शंभरदा विचारलं. घामाने, घाईत, गोंधळात, अशी सगळी उत्तरं देऊन पाहिली. खरं उत्तर एकच होतं. छान वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यापुढे हार मानत होतं, आणि ते त्यांना आणखी थोडं हवं होतं. फार नाही, दोन सेकंद. कोपरातून काडी मोडल्यासारखा आवाज आला तेव्हा त्यांचे हात सुटले.

कोच धावत आला. "टॅप केला होतास?"

"दोनदा," कात्री म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कोचने काकांकडे पाहिलं. सगळ्या क्लासने पाहिलं. आणि काका बोलून गेले, "मला कळलाच नाही."

झालं. कोच कात्रीकडे वळला. "किती वेळा सांगितलंय, टॅप जोरात करायचा! नव्या माणसाबरोबर तर ओरडून सांगायचं. चूक तुझी आहे."  कात्रीने फक्त एकदा काकांकडे बघितलं आणि मग बर्फाच्या पिशवीकडे. काकांना वाटलं, ही गादी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

घरी बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "सापडलं."

"खरंच? कोण होता बिचारा?"

"होता एक."

बायकोने लगेच मुलीला फोन लावला. "अगं, बाबांनी एकाला चीत केलं!" पलीकडून मुलीचं ओरडणं खोलीभर ऐकू आलं. काका न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उगाचच उभे राहिले.

सोमवारी, अकराच्या सुमाराला, टेबलावर एक फॉर्म येऊन पडला. उजवं कोपर. वय चोवीस. चोराच्या मनात चांदणं. नाव वाचायच्या आधीच काकांना कळलं होतं. दार उघडलं आणि हात पोटाशी धरून कात्री आत आली.

"तुम्ही इथे असता होय," ती म्हणाली.

"बस," काका म्हणाले. 

त्यांनी खुर्ची खाली केली. खांदा, कोपर, मनगट एका पातळीत टेबलावर यायला लागतं. कोपराला भली मोठी सूज होती आणि आतल्या बाजूने सगळं जांभळं. काकांनी शिशाचा एप्रन तिच्या मांडीवर ठेवला. मग तेवीस वर्षं रोज चाळीस वेळा म्हटलेलं वाक्य आपसूक तोंडून निघालं. "आता हात थोडा सरळ करतो. दुखलं की सांगा, मी लगेच थांबतो."

म्हटलं आणि जीभ चावली. कात्री त्यांच्याकडे बघत राहिली.

ते दोन बोटांनी मनगट धरून हात हळूहळू सरळ करू लागले. अर्ध्यावर आले असतील नसतील, तिच्या डाव्या हाताने टेबलावर थोपटलं. अगदी हलकंच, शेजारच्या माणसालाही ऐकू जाऊ नये असं. काकांची बोटं विस्तव लागल्यासारखी मागे आली.

"आता बरं लगेच कळलं," कात्री म्हणाली.

मशीन घुमत होतं. काकांना मान वर करवेना.

"शनिवारीही कळलं होतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

"मला माहितीये."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तुमचं तोंड गेलं होतं का कुठे?" तिचा आवाज चढला. "तीन आठवडे कात्री धरता येणार नाही मला. ते सोसेन. पण सगळ्यांदेखत बोलणी मी खाल्ली, काका. आणि तुम्ही कमरेचा पट्टा सारखा करत उभे होतात."

"माझं चुकलं. मला माफ कर."

"इथे नका मागू. इथे कोण आहे ऐकायला?"

काकांनी फोटो काढले. हाड शाबूत दिसत होतं. लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे बंध, फोटोत येत नाहीत. तिला दार उघडून देताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं, माणसाच्या आतलं सगळंच ह्या यंत्राला दिसत नाही.

पुढच्या शनिवारी क्लास पट्ट्यांच्या रंगाच्या, म्हणजे दर्जाच्या, क्रमाने रांगेत उभा राहिला. काका वयाने सगळ्यांत पुढे, पट्ट्याने सगळ्यांत मागे. कात्री हात झोळीत घालून भिंतीपाशी बसली होती. कोचने रोजच्यासारखं विचारलं, "कुणाला काही दुखतंय, खुपतंय?"

काकांनी हात वर केला.

"बोला काका. गुडघा ना?" दोघंतिघं हसले.

"गुडघा नाही." काकांचे कान तापले होते.  "गेल्या शनिवारी मी म्हटलं, टॅप कळला नाही. कळला होता. कळून मी सोडलं नाही. तिची चूक नव्हती."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. शेजारचा चष्मेवाला अर्धं पाऊल बाजूला सरकला. त्याला ते कळलंही नसेल, काकांना कळलं. 

"दोन्ही वेळा कळला?" कोचने विचारलं.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. कात्री मान खाली घालून झोळीची गाठ चाचपत होती. जे तिनेसुद्धा सांगितलं नव्हतं, ते सांगायची आता पाळी आली होती.

"तीन वेळा," काका म्हणाले. "दोनदा तिने हाताने थोपटलं. आणि मग ती म्हणाली, 'काका'."