झ्वानेच्या भिंतीपलीकडचा समुद्र

"तिथं साप आहेत," बेपो म्हणाला आणि त्यानं नकाशातल्या ओढ्यावर बोट ठेवलं.

"आणि ओढ्याच्या वर?" लिव्हिओनं विचारलं.

"तिथं तर फारच."

लिव्हिओनं शांतपणे तिथं पेन्सिलीनं एक साप काढला. हा तेविसावा. महिनाभर तो गावातल्या एकेकाला खानावळीत गाठून वाटा विचारत होता आणि प्रत्येकजण त्याला साप सांगत होता. आमच्या डोंगरात खरोखर एवढे साप असते, तर लोक केव्हाच इटलीला पळाले असते. पळाले तसे, पण त्याची कारणं वेगळी होती.

खरी भानगड रानशतावरीची होती. एप्रिलात तिचे भाजीचे कोंब नेमके कुठं फुटतात, हे आमच्याकडे माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही. मरताना मुलाला सांगतो, तेही मुलगा नीट वागला असेल तर. लिव्हिओ स्वतः अजून कुणाला बोलला नव्हता, त्यामुळे त्याला हे पक्कं माहीत होतं. जिथं साप जास्त, तिथं पायवाट चांगली मळलेली असणार, असा हिशेब धरून त्यानं अख्खा मार्ग आखला. एकोणीस किलोमीटर, गावापासून समुद्रापर्यंत, सगळा खडीचा आणि मातीचा, वाटेत एकही मोटार नाही. जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ कधीच उखडून नेले होते. त्यांच्या खालची खडी कुणाला न्यावीशी वाटली नाही, ती तेवढी राहिली होती.

लिव्हिओ ब्रातुलिच अडतीस वर्षं रस्तेखात्यात होता. जिल्ह्यातल्या निम्म्या डांबरावर त्याचा हात फिरलेला. निवृत्त झाल्यावर खाटकानं शाकाहार धरावा, तसा तो डांबर सोडून खडीवर आला. खानावळीत उतरणाऱ्या जर्मन सायकलवाल्यांना तो वाटा आखून द्यायचा. पण हा मार्ग जर्मनांसाठी नव्हता. हा नेरीनासाठी होता.

नेरीना म्हणजे त्याची बायको. सतराव्या वर्षापासून ती खाली किनाऱ्यावर तारल्यांच्या कारखान्यात होती. डब्यात मासे रचायची. पहाटे सायकलवर रेल्वेच्या वाटेनं उतरायचं आणि संध्याकाळी कारखान्याच्या ट्रकमध्ये सायकल टाकून वर यायचं. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम समोर समुद्र. फेब्रुवारीत रियेका शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, की डोळ्यांच्या मधोमधचं गेलंय, आता कडेचं तेवढं राहील. आणि द्राक्षं उतरेपर्यंत त्या कडेचाही भरवसा नाही. तेव्हापासून नेरीनाला लिव्हिओ बघायचा असला की ती चुलीकडे बघायची. मग तो तिला कोपऱ्यातून दिसायचा. "तसा बराच बरा दिसतोस," असं ती म्हणायची.

"मला बोगद्यापुढचा समुद्र बघायचाय," डॉक्टरकडून परतताना ती म्हणाली होती. "डोळे आहेत तोवर."

"बेपोच्या गाडीनं जाऊ की."

"गाडी बोगद्यापाशी जाते का? आणि गाडीतून समुद्र नुसता दिसतो रे. सायकलवर तो अंगावर येतो."

लिव्हिओनं एका जर्मनाकडून दोघांनी मिळून चालवायची जुनी सायकल मिळवली, तिला जाड टायर चढवले. पुढं तो, मागं ती. मोटारींचा आवाज आला की नेरीना दचकून हँडल ओढायची. म्हणून मोटार नको होती, एकही. सगळं जमलं. राहिले ते सातशे मीटर. तिथं एकीकडे खाणीच्या ट्रकांचा रस्ता होता आणि दुसरीकडे बार्बा झ्वानेची, म्हणजे झ्वानेकाकाची, ऑलिव्हची बाग. रेल्वेची वाट बागेतून जायची, आणि बागेच्या भिंतीतली खिंड बुजवलेली होती.

ती बंद कुणामुळे झाली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि लिव्हिओच्या घरात कुणी बोलत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी खाणीचा रस्ता रुंद करताना लिव्हिओनं झ्वानेच्या भिंतीचा कोपरा पाडला आणि सद्भावनेनं सिमेंटमध्ये पुन्हा बांधून दिला. आमच्या भिंती नुसत्या दगडांच्या. पाणी त्यांतून झिरपून जातं. सिमेंटमागं पाणी साचलं आणि नोव्हेंबरात भिंत झ्वानेच्या गाढवावर पडली. झ्वानेनं रागानं रेल्वेच्या वाटेची खिंडही बुजवली. नेरीना त्यानंतर बसनं कामावर जाऊ लागली. तिला बस लागायची. सव्वीस वर्षं ती ओकत कामावर गेली.

लिव्हिओ मला, शेजाऱ्याला, साक्षीदार म्हणून घेऊन गेला. बार्बा झ्वाने शहाऐंशी वर्षांचा. भिंतीला टेकून बसला होता, शेजारी गाढव.

"बार्बा, एक वाट हवी होती."

"रस्तेवाला आलाय बघ," बार्बा गाढवाला म्हणाला.

"चाळीस वर्षं झाली हो त्याला."

"मेलं त्याला झाली. हे त्याचं पणतवंड. यालाही मी सगळं सांगून ठेवलंय."

गाढवानं लिव्हिओकडे पाहिलं. सांगितलेलं दिसत होतं.

लिव्हिओनं नेरीनाच्या डोळ्यांचं सांगितलं. बार्बा भिंतीचा आधार घेत उठला. मग काठीनं भिंतीवर एक रेघ ओढून म्हणाला, "इथं खिंड होती. रीत माहितीये ना? जो उघडेल त्यानं बुजवायची. दगडावर दगड, बाकी काही नाही. तू पाड, तू रच. मग मी लाथ मारणार. उभी राहिली तर खुशाल जा."

लिव्हिओ दोरी आणि पाणसळ घेऊन आला. पहिल्या शनिवारी त्यानं एवढी सरळ भिंत रचली की तिच्यावर चेंडू ठेवला असता तर जागचा हलला नसता. बार्बानं लाथ मारली, भिंत ढासळली. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी मात्र ती हलली नाही. बार्बानं दुसरी लाथ मारली. मग तो वाकला, नाक दगडांजवळ नेलं, आणि हात खोल घालून एक करडं ढेकूळ बाहेर काढलं.

"हे काय?"

"थोडंसंच आहे, बार्बा," लिव्हिओ म्हणाला. "आतून. दिसतही नाही."

"निघ."

"बार्बा, सवय हो..."

"निघ म्हणतो ना! याच्या पणज्याला मारलंस, आता यालाही मारणार होतास!"

लिव्हिओ तडक घरी आला. स्वयंपाकघरात त्यानं सगळं कबूल केलं. सिमेंटसकट, आणि कधी नव्हे ते चाळीस वर्षांपूर्वीच्या सिमेंटसकट.

"तुझी वाट मीच बंद केली, नेरीना."

नेरीना चुलीकडे बघत म्हणाली, "माहितीये. बसमध्ये रोज सकाळी आठवायचं." मग तिनं खुंटीवरचा जुना रबरी अ‍ॅप्रन चाचपून काढला, कारखान्यातला. "उद्या मला तिकडं घेऊन चल."

"तुला दिसणार कसं?"

"मी अडतीस वर्षं डबे भरले, ते मासे बघून भरले असं वाटलं का तुला? मी खिडकीतून बाहेर बघायचे."

दुसऱ्या दिवशी बार्बानं तिला हाकललं नाही. बायकांना हाकलायची त्याची पद्धत नव्हती. त्यानं फक्त लिव्हिओला गाढवाच्या पलीकडे उभं केलं. नेरीना गुडघ्यांवर बसली. एकेक दगड हातात घ्यायची, अंगठ्यानं त्याची पाठ आणि पोट बघायची, आणि ठेवून द्यायची. पुन्हा उचलायची नाही. तोंड ऑलिव्हच्या शेंड्यांकडे. "जाड बाजू बारीककडे, बारीक जाडकडे," ती पुटपुटत होती. "डोकं शेपटीशी. फट राहिली की तेल जास्त लागतं, मग सुपरवायझर ओरडतो."

"कुठला सुपरवायझर?" बार्बानं विचारलं.

"मेला तो. हं, मारा लाथ."

बार्बानं मारली. भिंत होती तशीच होती. बार्बा मात्र सावकाश खाली बसला.

"लागलं का हो, बार्बा?"

"छे," बार्बा दोन्ही हातांनी पाऊल धरून म्हणाला. "जा. पुढच्या रविवारी जा. पण रचायचं हिनंच. त्यानं हात लावायचा नाही."

त्या रविवारी आम्ही निघालो. पुढं त्यांची लांबलचक सायकल, मागं माझी कुरकुरती. सगळे साप ओलांडले. बेपो दोनदा झुडुपांमागून डोकावला आणि आम्ही कोंब तोडत नाही याची खात्री करून गेला. बागेपाशी बार्बा नव्हता. खिंडीजवळ एक ठेंगणं स्टूल ठेवलेलं होतं, दूध काढायचं, स्वच्छ धुतलेलं. नेरीनानं त्यावर बसून खिंड उघडली, सायकली आत गेल्या, आणि तिनं बसूनच ती बुजवली. बागेच्या दुसऱ्या टोकालाही तशीच खिंड होती आणि दुसरं स्टूल होतं. लिव्हिओ दोन्ही वेळा हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

शेवटच्या बोगद्यात थंडी होती. नेरीना मागून वळणं सांगत होती. लिव्हिओला दिवा असून दिसत नव्हतं. "आता डावीकडे. आता पायडल थांबव. आता येईल."

आला. खाली निळा, सपाट, होता तिथंच.

सायकल थांबवून ते उतरले. नेरीना समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे ओठ घट्ट मिटले. मी दुसरीकडे बघू लागलो.

"दिसत नाही का गं?" लिव्हिओनं विचारलं.

"समोर ठेवला की जातो." तिनं मान वळवली, थोडी अजून वळवली. "तू असं कर. तिथं डोंगराच्या बाजूला उभा राहा. मी तुझ्याकडे बघते."

"माझ्याकडे? मी दिसतो का?"

"तू नाही रे दिसत. पण तू तिथं असलास की तो कडेनं दिसतो. हलू नकोस."

लिव्हिओ जाऊन उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत होती, अगदी सरळ, लग्नातल्या फोटोत बघितलं असेल तसं. आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समुद्र येत गेला. बराच वेळ झाला. त्याच्या कानावर एक माशी बसली, ती त्यानं उडवली नाही. आपण तिला दिसत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरीही त्यानं पोट आत ओढून धरलं होतं.