बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर

फर्मिनची गाडी थंड असली की गुणी आणि तापली की हट्टी, असं पाच आठवडे चाललं होतं. सकाळी क्रूसेस गावातून निघाली की अर्धा तास झकास पळायची. मग पाल्मिरा गावाच्या अलीकडे, उसाच्या फडांपाशी, दोन आचके द्यायची आणि गप्प. बॉनेट उघडून वीस मिनिटं वारा खाऊ दिला की पुन्हा निमूट सुरू.

गाडी एकावन्न सालची, हिरवी, हत्तिणीच्या अंगाची. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती सेराफीनला सिएनफ्वेगोस शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला नेऊन आणायची. सेराफीन म्हणजे साखर कारखान्याचा भोंगा वाजवणारा जुना माणूस. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी गावात त्याला सगळे भोंगेवालाच म्हणत.

फर्मिनने आधी पेट्रोलला शिव्या घातल्या. मग कार्बोरेटर बदलला, मग पेट्रोलचा पंप बदलला, आणि बदललेल्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

एका रविवारी तो बहिणीच्या ओसरीवर कॉफीला आला, तेव्हा एदेलमीरा एका प्रेशर कुकरची झडप घासत बसली होती. ती चौसष्ट वर्षांची, त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी. कारखान्यात पंचवीस वर्षं लेथ चालवलेली. आता गावातले पंखे, कुकर, शिवणयंत्रं तिच्या ओसरीवर येत आणि बरी होऊन घरी जात.

"कंडेन्सर बघितलास का?" तिने मान वर न करता विचारलं.

"एदेल, अगं टनावारी गाडी आहे ती! बोटाच्या पेराएवढ्या डबीने थांबायला ती काय खेळण्यातली आहे?"

"तापल्यावर थांबते. गार झाली की चालते."

"पेट्रोल उकळतं नळीत. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला विचार मग," एदेलमीरा म्हणाली आणि त्याच्या कपात अजून साखर घातली.

तिने जास्त ताणलं नाही. त्या गाडीबद्दल ती कधीच ताणत नसे. लहानपणी बापाच्या शेजारी स्टुलावर उभी राहून तिनेच इंजिनातले ठिणगीचे सीबी पॉइंट घासले होते, कारण बारक्या जागेत तिचीच बोटं जात. पण बाप गेला तेव्हा गाडी मुलाला मिळाली. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही, आणि तिने वाटू दिलं नाही. फक्त त्यानंतर चाळीस वर्षांत तिने त्या बॉनेटला हात लावला नव्हता.

बुधवारी गाडी परतीच्या वाटेवर बंद पडली. दुपारचे दोन वाजलेले. डायलिसिसनंतर सेराफीनच्या अंगात त्राण नसायचं; बसल्या जागी त्याची मान कलंडली आणि ओठ पांढरे पडले. फर्मिनने त्याला झाडाखाली आडवं केलं आणि टोपीने वारा घालत राहिला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, त्या दिवशी गाडीने गार व्हायचंही नाकारलं. शेवटी एका घोडागाडीवाल्याने म्हाताऱ्याला चाऱ्याच्या भाऱ्यावर निजवून घरी पोचवलं.

गुरुवारी सकाळी फर्मिन पुन्हा ओसरीवर आला. कॉफी प्यायला, कप उपडा घातला, सुलटा केला.

"उद्या मोकळी आहेस?"

"का?"

"ये बरोबर. कान दे जरा."

शुक्रवारी एदेलमीरा मागे बसली, मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन. पुढे सेराफीन. पाल्मिराच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि ती कडेला टेकली. फर्मिन ओलं फडकं काढायला वाकला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "बॉनेट उघड."

तिने कार्बोरेटरवरची टोपी काढली, हाताने अॅक्सिलरेटरची दांडी ओढली आणि आत डोकावली. "ये, बघ. पिचकारी उडतेय ना? पेट्रोल आहे. भरपूर आहे."

फर्मिनने पाहिलं. 

मग तिने प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि त्याला स्टार्टर मारायला लावला. इंजिन घरघरलं आणि पॉइंटच्या फटीत जाड, निळसर ठिणग्या कडकडल्या.

"ही ठिणगी इथे नको," एदेलमीरा म्हणाली. "इथलं बळ कंडेन्सरने आवरायचं असतं, म्हणजे प्लगला ठिणगी नीट पोचते. तापला की तो हात टेकतो. मग सगळं इथेच जळून जातं. पॉइंट बघ कसे खड्डे पडलेत."

"एवढीशी डबी," फर्मिन पुटपुटला.

पुढच्या सीटवरून सेराफीन खोकला. "अरे फर्मिन, मूत्रपिंड मुठीएवढं असतं रे. मी आख्खा माणूस आहे, पण आठवड्यातून तीनदा तुझ्या गाडीत कोण बसवतं मला?"

फर्मिनला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. सेराफीनच खो खो हसत होता म्हणून बरं.

गाडी गार झाली तसे ते निघाले. लवकर निघालेले असल्यामुळे इस्पितळाची वेळ चुकली नाही.

त्या जातीचा कंडेन्सर सबंध जिल्ह्यात नव्हता. एदेलमीराने शनिवारी भंगारात पडलेल्या एका रशियन गाडीचा काढून आणला. तो आत बसेना. मग तिने पत्र्याची पट्टी कापून वाकवली, भोक पाडलं, पट्टी नि डिस्ट्रिब्युटर जिथे टेकतात तिथला रंग घासून वीज जायला धातू उघडा केला आणि कंडेन्सर बाहेरून घट्ट बसवला. खड्डे पडलेले पॉइंट तिने बारीक कानशीने सपाट केले आणि फट मोजून लावली. फर्मिन दिवा धरून उभा होता. एकदा त्याने तोंड उघडलं, "एवढा रंग घासायची काही—" आणि मग स्वतःच गप्प झाला.

सोमवारी एदेलमीराही बरोबर होती. पाल्मिरा आलं आणि मागे पडलं. फड गेले, पूल गेला, इंजिन एका सुरात वाजत राहिलं. सेराफीनला कधीच झोप लागली होती.

इस्पितळात त्याला आत सोडून दोघं आवारातल्या बदामाच्या सावलीत गाडी लावून तिथेच थांबली. चार तास काढायचे होते. एदेलमीराने डब्यातला काळ्या घेवड्याचा भात दोघांत वाटला.

"पहिल्याच आठवड्यात मनात आलं होतं," फर्मिन खाता खाता म्हणाला, "तुला विचारावं."

"मग?"

"मग काय. तू बॉनेट उघडलं असतंस आणि दुरुस्त केली असतीस. लोक म्हणाले असते, गाडी फर्मिनची, पण हात बहिणीचा." त्याने भात चिवडला. "बाबांनाही ठाऊक होतं ते. तरी मला दिली."

 हे ऐकायला एदेलमीराला चाळीस वर्षं लागली होती, आणि ऐकल्यावर जे होईल असं तिला वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. राग आला नाही, रडू आलं नाही. खांदे तेवढे सैल झाले.

"जाताना तू चालवतेस?" त्याने किल्ली पुढे केली.

"नको रे. चालवायची हौस मला कधीच नव्हती."

"मग कशाची होती?"

तिने डबा बंद केला आणि हात पुसले. "ब्रेकच्या दांडीला खिळीच्या जागी तार बांधलीयस. आत्ता वाकले तेव्हा दिसली."

"दोन वर्षं टिकलीय की ती तार!"

"पिशवी दे," एदेलमीरा म्हणाली आणि गाडीखाली सरकायला तिने सावलीतच पोतं अंथरलं.

फर्मिनने पिशवी आणून दिली. मग तोही गुडघे कुरकुरवत तिच्या शेजारी खाली बसला आणि ती मागेल ते अवजार तिच्या हातात देत राहिला.