रुंद कानाचा कप

“हा नाही. हाही माझा नाही,” म्हणत सासूबाई एकेक कप फळीवर परत ठेवत होत्या आणि दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

मातीच्या भांड्यांच्या त्या जुन्या गल्लीतली निम्मी दुकानं पालथी घालून झाली होती. माझे पाय बोलायला लागले होते. पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? हट्ट करून त्यांना मीच आणलं होतं. गल्लीमागच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर कपांना कान लावले, ओल्या मातीचे, अंगठ्यानं दाबून. कप पुढे भट्टीत जायचे, रंग चढून दुकानात यायचे. सासूबाई मात्र रिकाम्या हातानं घरी यायच्या. आता कान साच्यातून निघतात. आपल्या हातचा एक तरी कप घरात असावा, एवढंच त्यांचं मागणं.

“अहो आई, ओळखणार कसा? सगळे सारखेच!”

“तुला तुझी पोरं सारखी दिसतात का गं?”

मी पुढचा कप त्यांच्या हातात दिला.

शेवटी अगदी मागे, धुळीत, एक निळा कप सापडला. त्याच्या कानात बोट घालताच सासूबाईंचा चेहरा उजळला. “हाच! ह्यांचं बोट जाडजूड, बारक्या कानात शिरायचं नाही. म्हणून मी सगळेच कान रुंद करायची. मुकादमाची किती बोलणी खाल्ली, पण हाताला वळणच तसं पडलं.” सासऱ्यांना जाऊन वर्षं लोटली होती.

दुकानदार कप कागदात बांधत होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ कप चाचपत होते. बोटांची पेरं सुजलेली. कुठल्याच कानात बोट जाईना.

“राहू द्या हो,” त्यांची बायको म्हणाली. “मी धरते ना पेला तोंडाशी.”

“किती दिवस धरशील?” ते हळूच म्हणाले.

सासूबाईंनी दुकानदाराच्या हातातून कप घेतला, कागद सोडला. “हा बघा बरं.”

बोट अलगद आत गेलं.

“असाच आणखी एक आहे का हो?” गृहस्थांनी विचारलं. दुकानदारानं नकारार्थी मान हलवली.

“तुम्हीच न्या,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या घरी ढीग पडलाय असल्या कपांचा.”

बाहेर चहावाल्याच्या बाकावर बसल्यावर मला राहवेना. “खोटं कशाला बोललात? एवढी पायपीट केली ती...”

“गप गं. तिकडे बघ.”

समोर ते गृहस्थ नव्या कपातून चहा पीत होते, एका हातानं. बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत बसली होती. सासूबाई बघतच राहिल्या. त्यांच्या चहावर साय धरली. मी दुसरा मागवला, तोही गार झाला.