पिवळी झेंडी

“पिवळ्या रेघेच्या मागे! सगळे मागे! हात दाखवा!”

चष्मेवाल्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या अकरा जणांकडे पाहिलं. अकराही जणांनी आपापली रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट मागे ओढून ती रिकामी केली, गोळी बसते त्या उघड्या चेंबरमध्ये, रिकामी असल्याची खूण म्हणून, पिवळी प्लॅस्टिकची झेंडी खोचली आणि जमिनीवरच्या रेघेमागे येऊन दोन्ही हात खांद्याइतके वर केले. त्यात वखारीचे मालक होते, ते क्लबचे अध्यक्ष. एक निवृत्त जज्जसाहेब होते, ज्यांच्यासमोर आयुष्यभर इतरांनी हात जोडले होते. पण शिट्टी वाजली की सगळे सारखे. बावीस रिकामे हात मोजून झाल्याशिवाय चष्मेवाले कुणाला जागचं हलू देत नसत.

“बावीस. जा, टार्गेट बदला.”

समोर टार्गेटपाशी एक जरी माणूस असला तरी टेबलावरच्या रायफलीला कुणी बोट लावायचं नाही. तिच्या मालकानेसुद्धा नाही, शिट्टीवाल्यानेसुद्धा नाही. हे शेवटचे दोन शब्द एकोणीस वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनीच नियमात घालायला लावले होते, तेही ठळक अक्षरांत.

दाराजवळ एक काळा फळा होता. ज्याची चूक होईल त्याने ती स्वतःच्या हाताने त्यावर लिहायची, खाली ‘चुकलो’ किंवा ‘चुकले’ असं लिहायचं आणि महिनाभर भिंतीकडेच्या बाकावर बसायचं. दर रविवारी यायचं, पण रायफल आणायची नाही. चष्मेवाल्यांनी या फळ्यावर भल्याभल्यांना लिहायला लावलं होतं. हातात रायफल असताना शेजाऱ्याशी बोलायला वळले म्हणून जज्जसाहेबांनाही लिहावं लागलं होतं. साहेबांनी खडू हातात घेतला, तो दिवस चष्मेवाल्यांच्या आयुष्यातला फार मोठा दिवस होता. लग्नाच्या दिवशीही त्यांची छाती इतकी फुगली नसेल.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस ते एका चिंचोळ्या दुकानात काचा घासत. गिऱ्हाईक यायचं, चष्मा लावून पाहायचं, ‘हं’ म्हणायचं आणि निघून जायचं. माणसाच्या नाकावर आपण काय बसवलं याकडे गिऱ्हाइकाचं लक्ष नसतं, त्याला पलीकडचं दिसण्याशी मतलब. चाळीस वर्षं लोक चष्मेवाल्यांच्या काचेतून बघत होते आणि चष्मेवाल्यांकडे कुणी बघत नव्हतं. रविवारची शिट्टी तेवढी त्यांची होती.

आणि आठ महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरीणबाई क्लबात आल्या.

नवा सभासद पहिल्या महिन्यात फळ्यावर जातोच, असा चष्मेवाल्यांचा अनुभव. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यातही नाही. शेजारी कुणी नेम धरला असेल तर त्या खिशातल्या लिमलेटच्या गोळीचा कागदसुद्धा सोडत नसत. दुसऱ्याची रायफल बघायची असली तर आधी विचारत आणि मग हात पाठीमागे बांधून बघत. निघताना आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही रिकामी काडतुसं गोळा करून डब्यात टाकत. हे सगळं चष्मेवाल्यांनी इतरांना घसा कोरडा करून शिकवलं होतं. या बाई मात्र आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारख्या.

“कुठे शिकलात हे?” त्यांनी एकदा न राहवून विचारलं.

“घरीच, काका. वडील पहारेकरी होते. बंदूक घेऊन घरी आले की आधी ती रिकामी करून आम्हा भावंडांना दाखवायचे आणि मगच पाणी मागायचे.”

यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी चष्मेवाल्यांच्या पोटात दुखलं ते दुखलंच. नेमबाजीत बाई पुढे गेल्या असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, नेम धरणारे खूप पाहिले होते त्यांनी. पण शिस्त हा त्यांचा प्रांत होता आणि तिथे ही बाई चप्पल बाहेर काढून, आवाज न करता, खुशाल येऊन बसली होती.

घरीही सुटका नव्हती.

“दाढ काढली, कळलंसुद्धा नाही,” बायको चहा ओतता ओतता म्हणाली. “काय हलका हात आहे हो बाईंचा! तुम्ही नुसता चष्म्याचा स्क्रू पिळता तर माझे कान आठ दिवस दुखतात.”

“दाढ काढणं आणि रेंज सांभाळणं यात फरक आहे.”

“मी कुठे काय म्हटलं? तुमच्याबद्दलही विचारत होत्या. म्हणाल्या, काकांचं लक्ष सगळीकडे असतं.”

“त्यांनी सांगायला नको!”

“आता यात चिडण्यासारखं काय झालं?” बायकोने विचारलं. चष्मेवाल्यांनी चहा अर्धा ठेवला आणि दुकानात गेले.

गेल्या रविवारी तर अध्यक्षांनी कडेलोटच केला. खांद्यावर हात टाकून त्यांना बाजूला नेलं.

“काका, राग मानू नका. एकोणीस वर्षं झाली, तुम्हीही थकलात. शिट्टी आता डॉक्टरबाईंकडे द्यावी असं चारदोन जण म्हणतायत. पण शब्द तुमचाच. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी सांगा. बाई अजून कच्च्या आहेत असं तुम्ही म्हणालात की विषय संपला.”

तो आठवडा चष्मेवाल्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका गिऱ्हाइकाची डावी काच त्यांनी उजवीकडे बसवून दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक परत येऊन ओरडलं तेव्हाही त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. चूक. बाईंची एकच चूक पुरे होती.

आज ते शोधायलाच आले होते.

आणि आज बाईंनी स्वतःची नवी रायफल आणली. इतके दिवस त्या क्लबाची वापरत होत्या. पेटी उघडली तसा सगळा क्लब भोवती गोळा झाला. “अरे वा, ही तर उलटीच दिसते!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. चष्मेवाले लांब उभे राहून टार्गेटचे कागद मोजत होते. मोजलेलेच पुन्हा मोजत होते.

“काका, एकदा बघून घ्या ना,” बाईंनी हाक मारली. “तुम्ही पाहिल्याशिवाय कशी वापरू?”

नवी रायफल शिट्टीवाल्याने तपासल्याशिवाय टेबलावर ठेवायची नाही, हाही नियमच. पण त्या घोळक्यात जाऊन ती नवीकोरी रायफल हातात घ्यायची, वर वाहवा करायची, हे त्यांच्याच्याने होईना.

“चालू द्या, चालू द्या,” त्यांनी लांबूनच हात हलवला.

पहिली फेरी झाली. शिट्टी, पिवळी रेघ, बावीस हात. बाई, जज्जसाहेब आणि आणखी दोघं टार्गेट बदलायला गेले. बाकीचे रेघेमागे गप्पा मारत राहिले. चष्मेवाले नेहमीप्रमाणे उजव्या टोकापासून टेबलं बघत निघाले. एक झेंडी, दोन, तीन. सहाव्या टेबलापाशी ते थांबले.

बाईंच्या रायफलीत झेंडी नव्हती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. वर दुर्बीण, खाली लाकूड, मध्ये पिवळ्याचा टिपूससुद्धा नाही. खरं तर अशा वेळी शिट्टीवाल्याच्या पोटात गोळा यायला हवा. चष्मेवाल्यांना आनंद झाला. लहान मुलाला जत्रेत नेल्यावर होतो तसा आनंद. सापडली! आठ महिन्यांनी सापडली!

पुढे काय करायचं ते त्यांना झोपेतही ठाऊक होतं. जागेवरून शिट्टी फुंकायची, समोरच्या चौघांना बाजूने परत बोलवायचं आणि सगळे रेघेमागे आले की मगच रायफल बघायची. पण तोवर बाई येतील, हळूच झेंडी खोचतील आणि आपल्या हाती काही उरणार नाही, या धास्तीने त्यांना घेरलं. ते रेघ ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी रायफल उचलली.

झेंडी होती. डाव्या बाजूला. बाई डावखुऱ्या होत्या, रायफल डावखुऱ्यांसाठी बनवलेली होती, तिचा बोल्ट डावीकडे आणि चेंबरचं तोंडही डावीकडे. झेंडी तिथेच, जिथे असायला हवी तिथेच, नीट खोचलेली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. चष्मेवाल्यांचं उलट झालं होतं. जे खरोखर पिवळं होतं तेवढंच त्यांना दिसलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा रायफलीचं तोंड समोरच्या चौघांकडे होतं. तिघांच्या पाठी होत्या. बाई वळल्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. एक पाऊल बाजूला सरकल्या आणि जज्जसाहेबांची पाठ आणि रायफल यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. साहेबांना पत्ताही नव्हता, ते कागदाला टाचण्या लावत होते. बाई तशाच उभ्या राहिल्या, चष्मेवाल्यांकडे बघत, रायफल टेबलावर परत जाईपर्यंत.

रायफल रिकामी होती. पण ‘रिकामीच होती’ असं म्हणणाऱ्या किती जणांना चष्मेवाल्यांनी फळ्यापाशी नेलं होतं, त्याची गणती नव्हती.

गप्पा मारणाऱ्यांपैकी कुणी पाहिलं नाही. बाई परत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, झेंडी दिसली नसेल ना? माझंच चुकलं. आग्रह धरून तुम्हाला रायफल आधी दाखवायला हवी होती.”

चष्मेवाल्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतका राग त्यांना आठ महिन्यांत आला नव्हता. शिस्त घेतली, बायको घेतली, उद्या शिट्टीही घेईल, आणि आता ही बाई त्यांची चूकसुद्धा त्यांना ठेवू देत नव्हती!

चहाच्या वेळी अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

“हं काका, बोला. डॉक्टरबाई पक्क्या की कच्च्या?”

सगळे बघत होते. बाई आपल्या कपात बघत होत्या. ‘कच्च्या’ म्हटलं की काम झालं असतं. बाई एक अक्षर बोलल्या नसत्या, याची चष्मेवाल्यांना पक्की खात्री होती. आणि त्यांच्या जागी आपण असतो तर गप्प बसलो असतो का, याची नव्हती. हेच सगळ्यात जास्त झोंबत होतं.

ते उठले. दाराजवळ गेले, फळा पुसला, खडू घेतला आणि लिहायला लागले. चाळीस वर्षं चष्म्याच्या पाकिटांवर बारीक आकडे लिहून त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. जज्जसाहेब जवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्मा चष्मेवाल्यांच्याच दुकानातून गेलेला, काच त्यांनीच घासलेली.

“काका, दिसत नाही हो. जरा मोठं लिहा.”

चष्मेवाल्यांनी लिहिलेलं पुसलं आणि मोठं लिहिलं.

‘नवी रायफल न तपासता टेबलावर ठेवू दिली. समोर चार माणसं असताना दुसऱ्याची रायफल उचलली. चुकलो.’

खाली लिहिलं, ‘चष्मेवाले’.

“अहो, पण हे कधी झालं?” अध्यक्ष उठून उभे राहिले. “आम्ही कुणी पाहिलंसुद्धा नाही.”

“पाहायचं काम माझं होतं,” चष्मेवाले म्हणाले.

जज्जसाहेबांनी ओळ पुन्हा वाचली. “चार माणसं,” ते म्हणाले. मग वळून त्यांनी टार्गेटकडे पाहिलं.

चष्मेवाल्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. खिशातून काचा पुसायचं मऊ फडकं काढून ती पुसली, दोरीसुद्धा पुसली आणि बाईंपुढे धरली.

“काका, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे. मी तेवढ्यापुरती सांभाळते.”

“महिन्याचं महिन्यानंतर बघू. पक्क्या आहात तुम्ही.” हे शब्द घशातून काढताना त्यांना दाढ उपटल्यासारखं झालं, आणि हात मुळीच हलका नव्हता. “एक सांगतो. मी उजवीकडूनच बघत आलो. तुम्ही दोन्हीकडून बघत जा.”

“हो, काका.”

मत्सर गेला होता असं नाही. भिंतीकडच्या बाकावर बसल्यावर त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की बाक फार बुटका आहे आणि तिथून टार्गेट दिसत नाही, फक्त माणसांच्या पाठी दिसतात. किती जणांना आपण इथे बसवलं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात बाईंनी शिट्टी फुंकली. त्यांच्यापेक्षा स्वच्छ वाजली. तेही टोचलं.

“रेघेच्या मागे! हात दाखवा!”

बोल्ट मागे गेले, झेंड्या लागल्या. दहा जण मागे आले, हात वर झाले. बाई ओळीच्या उजव्या टोकापासून मोजत डाव्या टोकाला गेल्या आणि तिथून परत आल्या. वीस झाले. कुणीतरी पाऊल उचललं, पण बाईंनी परवानगी दिली नव्हती. त्या भिंतीकडे वळल्या होत्या.

बाकावर चष्मेवाले ताठ बसले होते. दोन्ही तळवे पुढे करून त्यांनी हात खांद्याइतके वर धरले होते.

“बावीस,” बाई म्हणाल्या. “जा, टार्गेट बदला.”