माळ कोणी काढली

द्वारका चौकाच्या पुढे, आग्रा रोडला लागून ललितशेठची लाकडाची वखार होती. वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोपटात गोरक्ष करवतीच्या पट्ट्यांना धार लावत बसे. डाव्या हाताची दोन बोटं गेलेल्या माणसाला आता दुसरं काय काम द्यायचं, असं शेठ एकदा म्हणाला होता. त्यातला उपकाराचा सूर गोरक्षनं सहा वर्षं गिळला होता.

२००२ सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी त्यानं मशीनवर चढवायचा पट्टा तपासायला घेतला. रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं, वरून खडूची पूड चोळली. एका दाताच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ उमटली. तडा होता. असा पट्टा सापडला की त्याला लाल चिंधी बांधून वेगळ्या खुंटीला टांगायचा, हा वखारीचा नियम. गोरक्षनं चिंधी बांधलीसुद्धा. तेवढ्यात बाहेरून भिकन मिस्त्रीचा आवाज आला.

"चंदर नाय येत आज! मनमाडला सासऱ्याकडं लोळत पडलाय लेकाचा. मशीनवर मलाच उभं ऱ्हावं लागतंय. ए दसऱ्या, पट्टा चढीव लवकर!"

गोरक्षनं चिंधी सोडली, तिची घडी केली आणि खिशात ठेवली.

दसऱ्या हे त्याचं नाव नव्हतं. ते भिकननं ठेवलं होतं, आणि वखारीतल्या हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी उचललं होतं.

त्याचं असं झालं होतं. खंडेनवमीला मशीनची पूजा होई आणि बँड सॉच्या, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टा-करवतीच्या, वरच्या गार्डला झेंडूची माळ घातली जाई. ती सुकून आपोआप गळेपर्यंत काढायची नाही, अशी या वखारीची रीत. गार्ड म्हणजे पट्ट्याचा उघडा भाग झाकणारं लोखंडी पान. ते खाली सरकवून लाकडाच्या वर दोन बोटं जागा राहील असं आवळायचं, म्हणजे कापायला लागतील तेवढेच दात उघडे राहतात. पण माळेसकट गार्ड खाली घेतला तर माळ पट्ट्यात ओढली जाणार. शहाण्णव साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन गोरक्षकडे होतं. त्यानं विचारलं होतं, "मिस्त्री, माळ काढू का? गार्ड खाली घ्यायचाय."

"देवाच्या माळेला हात लावतो का रे? ऱ्हाऊ दे गार्ड वर. हात संभाळून चालव, झालं."

दहाच्या सुमाराला बाभळीच्या फळीत गाठ आली. फळी उसळली आणि हात उघड्या पट्ट्यावर गेला. गोरक्ष दवाखान्यात असताना इकडे भिकननं शेठला सांगून टाकलं, "दसऱ्याची टाकून आलता. गार्ड त्यानंच वर ठेवला." ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, त्याचं नाव दसऱ्या पडलं.

बोटांचं दुःख सरलं. पण भिकन इतक्या ठामपणे, इतक्या वेळा तेच सांगत गेला की पुढेपुढे गोरक्षलाच शंका यायला लागली. आपण खरंच विचारलं होतं का? का बोटं गेल्यावर मनानं रचलं हे सगळं? रात्री बायको, नवसाबाई, म्हणायची, "तुम्ही खोटं बोलणारे नाही." तो म्हणायचा, "खोटं नाही गं, पण चुकत असेन तर?" या शंकेबद्दल तो भिकनचा जास्त द्वेष करी. बोटं तर गेलीच होती, आता भिकननं त्याची आठवणही नासवली होती.

गोरक्षनं पट्टा चाकांवर चढवला, ताण दिला. चाकांची झाकणं स्वतः घट्ट लावली. त्याचा हिशेब साधा होता. गार्ड खाली असला तर तुटलेला पट्टा आतच गुरफटून थांबतो. वर असला तर तो समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. माळ काढायची नसते, हे भिकनचंच म्हणणं. आज त्यानं ते पाळावं. त्यानं पाळलं, तर काय होईल ते होवो.

तो फळ्यांच्या थप्पीमागे, पट्ट्याच्या रेषेतून बाहेर उभा राहिला.

भिकन आला. त्यानं सागाची फळी टेबलावर ठेवली. माळेकडे पाहिलं. मग इकडे तिकडे पाहिलं. कोणी दिसलं नाही तशी त्यानं माळ अलगद उचलली, खांबाच्या खिळ्याला अडकवली, गार्ड खाली सरकवला, लाकडावर दोन बोटं धरून मोजला आणि चावी आवळली. एकदाही अडखळला नाही.

गोरक्षला उत्तर मिळालं होतं. भिकननं माळ चोरून काढली, म्हणजे तेव्हाचं बोलणं त्याला आठवत होतं; आपलं चुकलं नव्हतं. मशीन बंद करायचं लाल बटण चार पावलांवर होतं. भिकनला नुसती हाक मारली असती तरी पुरलं असतं.

तो जागचा हलला नाही.

मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं पट्ट्याच्या सणसणाटात एक बारीक टिकटिक मिसळली. दर फेऱ्याला एकदा. भिकनला ती ऐकू गेली नाही. गोरक्ष ती ऐकत होता, आणि त्याला ती गोड लागत होती.

धाडकन आवाज झाला. पट्टा झाकणात थडाथड आपटला आणि गुरफटून थांबला. भिकन मागे भुशाच्या ढिगात पडला होता. पायजमा ओला झाला होता. हमाल धावले, शेठ ऑफिसातून पळत आला. "लागलं का? मिस्त्री, हात दाखव!"

"नाय... नाय लागलं शेठ. गार्ड खाली व्हता म्हणून."

गोरक्षनं खिळ्यावरची माळ काढून भिकनच्या पुढ्यात धरली. "मिस्त्री, ही कोणी काढली?"

"मी काढली. मग?"

"देवाच्या माळेला हात लावला?"

"हात तुटला असता ना माझा!" भिकन ओरडला.

आपण काय बोलून गेलो ते भिकनलाच कळलं आणि तो खाली बघू लागला.

"माझा पण हातच होता, मिस्त्री," गोरक्ष म्हणाला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

शेठनं माळ हातात घेतली. "भिकन, यानं विचारलं होतं का तेव्हा?"

"व्हय," भिकन पुटपुटला.

"मोठ्यानं."

"इचारलं व्हतं त्यानं. मीच नाय म्हनलो. पिलेला बी नव्हता."

शेठ गोरक्षकडे वळला. "पट्टा तू तपासलास ना? तडा दिसला नाही?"

गोरक्षनं खिशातली लाल चिंधी काढून टेबलावर ठेवली. "दिसला होता, शेठ."

शेठचा चेहरा उतरला. "म्हणजे तू... उद्यापासून येऊ नकोस. दोघंही येऊ नका."

"बरं," गोरक्ष म्हणाला. पायांत चप्पल घातली आणि फाटकाबाहेर आला. कोपऱ्यावरच्या टपरीवर पोऱ्यानं सवयीनं हाक दिली, "काय दसऱ्या, इतक्या लवकर?"

"गोरक्ष," तो म्हणाला. "गोरक्ष म्हणायचं."

त्यानं डाव्या हाताच्या तीन बोटांत चहाचा ग्लास धरला. नाव परत मिळालं होतं, शंका फिटली होती. भिकनची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली, एवढंच काय ते सलत होतं.