फिनिशच्या फाइलीत मराठी

१९९९ साली टेंभी नाक्यावरच्या आमच्या ऑफिसात वेबसाइट बनवायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्याला अकरा भाषा येत होत्या आणि मराठी त्यांत नव्हती. नवी भाषा घालायची सोयच नाही, असं साहेब म्हणाले. मला ‘नाही’ ऐकायची सवय नाही. मी आतल्या फाइली उघडून बसले. फिनिश भाषेची फाइल आपल्याकडे कुणाच्या उपयोगाची? तिच्यातलं एकेक वाक्य पुसून मी तिथे मराठीत लिहिलं. तारखांचे आकडेसुद्धा, १ ते ३१.

गरज माझ्याच घरची होती. कळव्याच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत दुरुस्तीसाठी होडी वर ओढायला एकच उतार. नंबर सेक्रेटरी नामाकाका लावायचे, आणि चांगला दिवस दरवेळी त्यांच्याच होडीला मिळायचा. आता नंबर मी बनवत असलेल्या वेबसाइटवर लागणार, जो आधी बटण दाबेल त्याचा. पण सभासदांना वाचता आलं नाही, तर नामाकाकाच पुन्हा मधे बसणार होते.

चाचणीला सभासद आमच्या ऑफिसात आले. पहिले बसले माझे बाबा, दामाजी, चौथी पास. ‘होडीचं नाव निवडा’ त्यांनी घडाघडा वाचलं. मला केवढा आनंद झाला. मग तारखा आल्या आणि त्यांचं बोट थांबलं.

“यान उधान कुठं हाय गो, कांता?”

होडी उधाणाच्या पाण्यावरच वर चढते, आणि उधाण येतं तिथीवर. खाडीकाठी जन्मून मी हे विसरले, याची लाज वाटली. नामाकाकांनी हसत खुर्ची पुढे ओढली. “सरक दामाजी, मी सांगतो.”

“अर्धा तास थांबा,” मी म्हणाले.

कॉम्प्युटरला तिथी कुठून कळणार? पण आकडे तर मीच लिहिले होते. त्यांच्यापुढे आणखी काही लिहिलं तर? भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेतलं आणि फाइलीत प्रत्येक आकड्यापुढे तिथी टाकली. दर महिन्याला हे पुन्हा करावं लागणार होतं. करीन म्हटलं.

बाबांनी परत वाचलं, अमावास्येनंतरची, भर उधाणाची बीज शोधली आणि बटण दाबलं.

मग नामाकाका बसले. त्यांनीही तीच बीज निवडली. पडद्यावर अक्षरं उमटली, तसे ते मागे सरले.

“बिघडलं वाटतं,” ते म्हणाले.

बाबांनी मान पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश वाचलं, “हा दिवस दिलेला आहे. दुसरा निवडा.”