देवमनची वारस

देवमन वानखडे वारला त्याला सहा वर्षं झाली, पण पोलिसांच्या लेखी तो अजून भलताच धोकादायक माणूस होता. दरवर्षी भीमजयंतीच्या पंधरा दिवस आधी त्याच्या नावाची नोटीस यायची. तुमच्याकडून शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे, तरी तहसीलदारांसमोर हजर होऊन चांगल्या वागणुकीचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, याचं कारण दाखवा. त्याची बायको दुर्गाबाई मग नोटीस घेऊन आलेल्या नत्थुजी हवालदाराला आत बोलवायची आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायची. "हे पाहा बसले. इचारा त्यायलेच कारन." नत्थुजी फोटोला हात जोडायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा.

यंदा नोटीस आली ती दुर्गाबाईच्या नावाने.

"काहून रे बावा?" तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. "म्या काय केलं?"

नत्थुजीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "काकू, तुमी काही नाही केलं. मागच्या वर्षी यादीत एकेचाळीस नावं होती. यंदा मयताची नावं कापा म्हने. काकाजीचं नाव कापलं तर चाळीस होतात. मंग वरून इचारतात, एक कमी कसा झाला? म्हनून म्या काकाजीच्या जागी वारस लावला."

मूर्तिजापूरहून अमरावतीकडे निघालं की थोडं आत शेलूपेठ लागतं. या शेलूपेठेत दुर्गाबाईने तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातल्या निम्म्या पोरांना पोलिओचा डोस तिने पाजला होता, नत्थुजीच्या दोन्ही लेकींनासुद्धा. तिच्यापासून शांततेला धोका आहे असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण कागदाला कोण काढणार?

आणि देवमनचा गुन्हा तरी केवढा! बावीस वर्षांपूर्वी वस्तीतली पोरं शाळेत जायला उभ्या मालगाडीखालून सरपटत जायची. त्याने आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या कुर्बानभाईने शंभरेक माणसं गोळा केली आणि पादचारी पूल द्या म्हणून रेल्वे फाटकावर चार तास बसकण मारली. पोलिसांनी दोघांना काखेत हात घालून उचललं. दोन वर्षांनी पूल झाला. आज त्या पुलावरून सगळं गाव जातं, पोलीसही जातात. नावं मात्र यादीला चिकटली ती चिकटलीच. कुर्बानभाई तर दरवर्षी इमानेइतबारे तहसीलमध्ये जाऊन सही ठोकून यायचा. नोटीस आली की तो म्हणायचा, "चला भाभी, जयंती जवळ आली."

यंदा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वस्तीतल्या बायकांनी ठरवलं होतं की या जयंतीची मिरवणूक बायका काढतील. बेचाळीस बायका महिनाभर शाळेच्या मैदानात लेझीम घोटत होत्या, निळ्या साड्या आल्या होत्या, आणि परवानगीच्या अर्जावर अध्यक्ष म्हणून दुर्गाबाईची सही होती. जिच्यावर शांतताभंगाची नोटीस, तिच्या नावाने मिरवणुकीची परवानगी कोणता ठाणेदार देईल? अर्ज ठाण्यात तसाच पडून राहिला.

"रस्ता सोपा हाय, काकू," नत्थुजी म्हणाला. "बंधपत्रावर सही करून टाका. अन् अर्जावर तुमच्या पुतण्याचं, अश्विनचं नाव लिवा. मिरवणूक निघते, तुमी मोकळ्या, मी बी मोकळा."

शेजारची आशाबाईसुद्धा म्हणाली, "जाऊ दे ना माय. निघू तर दे. नावात काय ठेवलं हाय?"

दुर्गाबाईने नोटिशीची घडी घातली. तिला खरोखर क्षणभर वाटलं, द्यावं अश्विनचं नाव. आजवरची प्रत्येक मिरवणूक तिने ओट्यावरून पाहिली होती, तेही चुलीवरच्या भाजीच्या मोठ्या गंजाकडे एक डोळा ठेवून. यंदाही ओट्यावरून पाहिली तर काय बिघडणार होतं? पण मग ती सही. सही केली की आपण भांडखोर आहोत हे आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं झालं. आणि देवमनही तसाच होता, हेही आपणच लिहून दिलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"सही मी नाही करत," ती म्हणाली. "कारन दाखवा म्हन्ते ना तुमचा कागद? दाखवतो म्हना आमी कारन!"

तारखेच्या दिवशी तहसीलच्या व्हरांड्यात यादीतली माणसं ओळीने उभी होती. सगळे सरावलेले. नाव पुकारलं की आत जायचं, सही करायची, बाहेर येऊन पान खायचं. दुर्गाबाई निळी साडी नेसून, पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आली, तेव्हा कुर्बानभाई म्हणाला, "भाभी, दो मिनटाचं काम हाय. कायले तकलीफ घेता?"

तहसीलदार माधवी मॅडम साताऱ्याकडच्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीच शेलूपेठेत आल्या होत्या आणि वऱ्हाडी बोली कानावर पडली की आपल्याशी कुणी भांडतंय की काय, असं त्यांना अजून वाटायचं. त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "बंधपत्र आणलंय?"

"नाही आनलं. कारन आनलं."

मॅडमनी वर पाहिलं. समोर भांग पाडलेली, चष्मा लावलेली, सहासष्ट वर्षांची बाई उभी होती. त्यांनी पुन्हा कागद वाचला. "तुम्ही रेल्वे फाटकावर रास्ता रोको केला होता?"

"म्या नाही, माह्या मालकानं. बावीस वर्सं झाली. ते आता या जगात नाहीत."

"मग तुमचं नाव कसं आलं?"

दुर्गाबाईने मागे वळून पाहिलं. "सांग ना नत्थुजी. मले सांगतलं तसंच सांग."

नत्थुजी टोपी सावरत पुढे आला. "वारस लावला, मॅडम."

खोलीत खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. दुर्गाबाईने पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, मालकाच्या नावानं दीड एकर वावर हाय. ते गेले तवापासून सातबाऱ्यावर माहं नाव लागावं म्हनून मी तलाठ्याकडे चकरा मारून राहिली. सहा वर्सं झाली. हे सारे अर्ज, या साऱ्या पोचा. कधी म्हनते दाखला आना, कधी म्हनते साहेब सुटीवर हायेत. अन् ठान्यात पाहा! ना अर्ज, ना दाखला, ना चक्कर. एका दिवसात वारस लागला!" तिने हात जोडले. "माही एकच इनंती हाय. तलाठी घ्या तुमच्याकडे ठेवून, अन् मले हा हवालदार द्या."

आता मात्र सगळी खोली हसली. दारात गर्दी झाली. शिपाई हसला, नत्थुजीही हसला आणि मग लाजला. मॅडमनी ओठ दाबले, पण ते काही साधलं नाही.

हसू ओसरल्यावर दुर्गाबाईचा आवाज बदलला. "त्यायनं कोनाले दगूड नाही मारला. पोरं मरू नये म्हनून बसले. तुमी तहसीलले येता तो पूल त्यायच्यानं झाला. वारसा द्याचा असन तर तो द्या मले. भांडनाचा काहून देता?"

मॅडमनी यादी मागवली आणि एकेक नाव वाचायला घेतलं. एकेचाळिसांपैकी एकोणतीस जणांविरुद्ध दहा वर्षांत एक तक्रार नव्हती. त्या नत्थुजीकडे पाहून म्हणाल्या, "हवालदार, हा अधिकार कायद्याने दिलाय तो भांडण होणार असेल तर थांबवायला. यादी भरायला नाही." मग त्यांनी दुर्गाबाईच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, सबळ कारण नसल्याने कार्यवाही बंद, आणि खाली सही केली. अर्जांचा गठ्ठा मात्र परत दिला नाही. "हा माझ्याकडे राहू द्या," त्या म्हणाल्या. सातबारा पुढच्या महिन्यात झाला.

मॅडमनी गठ्ठा ठेवून घेतला तेवढ्यात कुर्बानभाई दारातून पुढे आला. त्याच्या हातात सही करून तयार ठेवलेलं बंधपत्र होतं. "मॅडम, जरा मेरा भी देख लो," तो म्हणाला आणि ते बंधपत्र त्याने सगळ्यांसमोर उभं फाडलं. मॅडमनी त्याच्यासकट उरलेल्या अठ्ठावीस जणांच्या कागदांवरही तोच शेरा मारला, आणि त्या दिवशी एकोणतीस माणसं सही न करता घरी गेली. व्हरांड्यात कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि तहसीलच्या शिपायाने ती ऐकली नाही असं दाखवलं.

दोन दिवसांनी परवानगी आली. अर्जदार, दुर्गाबाई देवमन वानखडे. तिने तो कागद आशाबाईला तीनदा वाचायला लावला.

जयंतीच्या सकाळी बेचाळीस लेझमा एका तालात वाजल्या तेव्हा शेलूपेठेतले म्हातारे बाप्येसुद्धा ओट्यावर येऊन उभे राहिले. अश्विन भाजीचा गंज सांभाळत होता. कुर्बानभाईने दुकानापुढे सरबताचं पिंप मांडलं होतं आणि प्रत्येकीला आग्रह करत होता. दुर्गाबाई सर्वांत पुढे होती. पाय दुखत होते, पण ते तिच्या लक्षातही नव्हतं.

मिरवणूक फाटकापाशी आली. गाडी नुकतीच गेली होती, फाटक उघडत होतं, आणि पलीकडे ट्रकांची रांग हॉर्न वाजवत होती. बंदोबस्ताला नत्थुजी होता. तो रस्त्याच्या मधोमध गेला, शिट्टी वाजवली आणि पहिल्या ट्रकसमोर हात आडवा केला. ट्रकवाला ओरडला. नत्थुजी जागचा हलला नाही.

याच जागेवरून देवमनला काखेत हात घालून उचललं होतं. दुर्गाबाईला ते आठवलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"काकू," नत्थुजीने विचारलं, "किती येळ थांबवू?"

दुर्गाबाईने मागे पाहिलं. निळ्या साड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती.

"शेवटची बाई पार होईस्तोवर," ती म्हणाली, आणि फाटक ओलांडायला निघाली.